‘ॲक्सेप्ट कुकीज दाबलं की खातं रिकामं’ म्हणे!

“सावधान! कोणत्याही वेबसाइटवर ‘ॲक्सेप्ट कुकीज’ दाबलंत की तुमचे सगळे पासवर्ड त्या साइटला दिसतात. बँक खातं रिकामं होऊ शकतं. आजच सगळ्या कुकीज बंद करा, किंवा खालच्या लिंकवरून कुकी क्लीनर टाका. दहा जणांना पाठवा.”

हा मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. आमच्या आत्याने तो वाचला आणि लॅपटॉपवर लगेच अंमलातही आणला. तेव्हापासून वीजबिलाचं पान तिला लॉगिन करून घेतं आणि पुन्हा लॉगिनच मागतं. आता तिची खात्री पटलीय की तिला हॅक केलंय! लिंक तेवढी तिने दाबली नाही, हे आमचं नशीब.

आधी पासवर्डचं बघू. वेबचा मूळ स्वभाव विसराळू आहे. मागच्या क्षणी पान कोणी मागितलं हे सर्व्हरला, म्हणजे साइट चालवणाऱ्या संगणकाला, आठवत नाही. म्हणून 1994 मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीतल्या लू मोंटुली यांनी कुकी आणली. सर्व्हर एक छोटी नोंद ब्राउझरकडे ठेवायला देतो आणि ब्राउझर ती पुढच्या वेळी परत दाखवतो. ही नोंदच बंद केली की साइट लॉगिन विसरते, आत्याचं तेच झालंय. लॉगिनच्या कुकीत सहसा पासवर्ड नसतोच, एक लांबलचक निरर्थक क्रमांक असतो.

तो क्रमांक कोणाला दाखवायचा, याचे नियम एप्रिल 2011 च्या आरएफसी 6265 या तांत्रिक दस्तऐवजात लिहून ठेवलेत. ज्या डोमेनने, म्हणजे साइटच्या पत्त्याने, कुकी ठेवली त्यालाच ती परत जाते. फार तर त्याच पत्त्याखालच्या उपडोमेनना, तेही तसं सांगितलं असेल तर. ‘सिक्युअर’ असं लिहिलेली कुकी फक्त एनक्रिप्टेड (कुलूपबंद) जोडणीवरून जाते. ‘एचटीटीपी-ओन्ली’ असेल तर पानात चालणाऱ्या कोडला, म्हणजे जावास्क्रिप्टलाही, ती वाचता येत नाही. अख्ख्या ‘डॉट गव्ह डॉट इन’साठी एकच कुकी ठेवावी म्हटलं, तर ब्राउझर नकार देतो. अनेक साइटच्या पत्त्यांना असलेल्या अशा सामायिक शेपट्यांची यादीच त्याच्याकडे असते. थोडक्यात, पाककृतीच्या साइटवर ‘ॲक्सेप्ट’ दाबल्याने तिला तुमच्या बँकेची कुकी दिसत नाही.

बँक खात्याबद्दल फार लिहीत नाही. काही मिनिटं हात लावला नाही तर नेटबँकिंग तुम्हाला बाहेर काढतं आणि पैसे पाठवताना ओटीपी मागतं, हे मेसेज लिहिणाऱ्या महाशयांनाही माहीत असेलच.

आता त्या लिंककडे येऊ, कारण खरा धोका तिथेच आहे. असले ‘क्लीनर’ बहुतेक वेळा ब्राउझर एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्राम, असतात. टाकताना एक छोटी चौकट येते: ‘सर्व वेबसाइटवरचा तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे’. आपण न वाचता ‘ॲड’ दाबतो. वर सांगितलेल्या सगळ्या भिंती एका साइटला दुसरीपासून वेगळं ठेवण्यासाठी आहेत. कुकीजची परवानगी मिळालेलं एक्स्टेंशन त्या भिंतींच्या आत बसलेलं असतं, ‘एचटीटीपी-ओन्ली’ कुकीसुद्धा त्याला वाचता येते. डिसेंबर 2024 मध्ये सायबरहेवन या सुरक्षा कंपनीचं क्रोम एक्स्टेंशन हल्लेखोरांनी ताब्यात घेतलं, त्यात आपला कोड घुसवला आणि अपडेट म्हणून लोकांपर्यंत पोहोचवला. तो कोड कुकीज आणि चालू लॉगिन पळवत होता. सुरक्षा विकणाऱ्या कंपनीची ही गत, मग व्हॉट्सॲपवर आलेल्या निनावी क्लीनरवर कशाच्या भरवशावर विसंबायचं? कुकीचोरीची भीती घालून कुकीचोरालाच घरात घ्यायला सांगणारा हा मेसेज आहे. निव्वळ बावळटपणा म्हणून सोडून द्यावा असा तो नाही.

बरं, मेसेजात अर्धं खरं आहे, तेही सांगून टाकतो. लॉगिनची कुकी चोरीला गेली तर चोराला पासवर्डशिवाय आत शिरता येतं. पण ती सहसा पळवतं ते तुमच्या मशीनवर घुसलेलं मालवेअर, म्हणजे घातकी सॉफ्टवेअर. कुकीजमध्ये सुरक्षेच्या आणि खासगीपणाच्या दृष्टीने जुने दोष आहेत, हे आरएफसी 6265 सुद्धा सुरुवातीलाच कबूल करतो. आणि पाळत खरी आहे. एकाच जाहिरात कंपनीच्या कोडचा तुकडा हजार साइटवर असतो. ती प्रत्येक ठिकाणी स्वतःचीच कुकी वाचते आणि मिक्सर बघितलेल्या माणसाला बातम्यांच्या पानावरही मिक्सर दाखवते. हीच ती थर्ड-पार्टी कुकी. ‘ॲक्सेप्ट’चं बटण मोठं आणि नकाराची वाट आडवळणाची ठेवण्याची चलाखीही खरी. फ्रान्सच्या नियामकाने याच कारणावरून जानेवारी 2022 मध्ये गूगलला 15 कोटी आणि फेसबुकला 6 कोटी युरोचा दंड जाहीर केला होता.

पण यावर उपाय सगळ्या कुकीज बंद करणं नाही. ॲपलचा सफारी ब्राउझर मार्च 2020 पासून थर्ड-पार्टी कुकीज आपणहून अडवतो. फायरफॉक्स ब्राउझर 2022 पासून प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या डब्यात ठेवतो. क्रोमने मात्र त्या काढून टाकण्याची घोषणा केली, तारखा पुढे ढकलल्या आणि शेवटी बेत सोडला, त्यामुळे तिथे आपल्यालाच हात चालवावा लागतो. सेटिंग्जमध्ये ‘गोपनीयता आणि सुरक्षा’ उघडा आणि थर्ड-पार्टी कुकीज तेवढ्या ब्लॉक करा. एखादी साइट अडली तर तिचं नाव तिथेच अपवाद म्हणून घाला. आत्यासारखं सगळंच बंद केलं असेल, तर साइटना डिव्हाइसवर डेटा ठेवू देण्याचा पर्याय पुन्हा सुरू करा.

आणि तो क्लीनर टाकून बसला असाल, तर आधी एक्स्टेंशन काढा. मग ईमेलपासून सुरुवात करून प्रत्येक खात्यात ‘सर्व डिव्हाइसवरून लॉग आउट’ करा आणि पासवर्ड बदला. नुसतं एक्स्टेंशन काढून भागत नाही. आधीच पळवलेली कुकी लॉग आउट होईपर्यंत चालू राहू शकते.