काळ्या पाषाणात काळा रंग नसतो

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही अकरा चित्रकार वाईजवळच्या मेणवलीला गेलो होतो. पहाटे पाचला पुणे सोडले आणि सव्वासातच्या सुमारास कृष्णेच्या घाटावर उतरलो. पिशव्या खाली ठेवतो न ठेवतो तोच आमच्यातल्या सर्वांत तरुण मुलाने मोबाइल काढून चारही बाजूंनी भराभर फोटो घेतले. ‘सर, उजेड छान आहे तोवर फोटो काढून ठेवतो, चित्र घरी निवांत करीन,’ असे तो म्हणाला. हा मुलगा कष्टाळू आहे, त्याचा हात तयार आहे आणि रेखांकन तर आमच्यापैकी अनेकांपेक्षा पक्के आहे; म्हणूनच त्याचे ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. त्या सकाळी त्याला जे पुरते सांगता आले नाही ते इथे सविस्तर लिहितो आहे, कारण हा प्रश्न आता त्याच्या एकट्याचा राहिलेला नाही. स्पॉटवर जायचे, फोटो घ्यायचे, चहा-मिसळ करून परतायचे आणि आठवडाभराने घरी रंगवलेल्या चित्राखाली ‘ऑन द स्पॉट’ असे लिहायचे, ही सवय वाढताना मी पाहतो आहे आणि तिचे मला मनापासून वाईट वाटते.

माझे म्हणणे असे आहे की ऐतिहासिक वास्तूचे निसर्गचित्र त्या वास्तूसमोर बसून, आणि शक्यतो सोबत्यांच्या संगतीत, पूर्ण व्हायला हवे. घरी फोटोवरून केलेले चित्र सुंदर असू शकते, विकले जाऊ शकते, पारितोषिकही मिळवू शकते; परंतु त्यात त्या जागेशी झालेली भेट नसते, आणि ज्याला वर्षानुवर्षे स्पॉटवर काम करण्याची सवय आहे त्याला ती उणीव कागदावर पहिल्या नजरेत दिसते.

मेणवलीचेच उदाहरण घेतो, कारण ती जागा मी गेल्या पंधरा वर्षांत निदान आठ-नऊ वेळा रंगवली आहे. नाना फडणवीसांचा वाडा, त्याच्या पाठीशी कृष्णेत उतरणारा चंद्रकोरीच्या आकाराचा दगडी घाट, मेणेश्वराचे आणि विष्णूचे देऊळ, आणि वसईच्या १७३९ सालच्या विजयानंतर इकडे आलेली ती पोर्तुगीज घंटा. मेरी आणि बाल येशू यांची आकृती असलेली ही घंटा शिवमंदिराच्या आवारात एका लहानशा दगडी मंडपात टांगलेली आहे. घाटाचे बांधकाम आपल्या काळ्या पाषाणाचे, म्हणजे बेसॉल्टचे आहे. नवीन येणारा चित्रकार पॅलेटमध्ये काळ्या रंगाची ट्यूब पिळतो आणि तिथेच चित्र मरते. काळ्या पाषाणात काळा रंग नसतो. सकाळी सावलीतला दगड वरच्या आकाशाचा निळा उजेड अंगावर घेतो आणि जांभळट-निळा दिसतो. ऊन पडलेल्या पायरीचा माथा जवळजवळ कोऱ्या कागदाइतका उजळ असतो. दगडातल्या लोहामुळे जिथे तो उघड्या हवेत झिजला आहे तिथे तांबूस-तपकिरी झाक येते. पाण्याजवळच्या पायऱ्यांवर गाळाची करडी रेघ असते, आणि सांध्यांमध्ये वाळलेल्या शेवाळाचा हिरवा इतका मंद असतो की तो प्रथम दिसतच नाही, तासाभराने दिसतो. मी स्वतः अल्ट्रामरीन हा गडद निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस-तपकिरी या दोनच रंगांतून घाटाचे बहुतेक करडे रंग काढतो. सावलीकडे जाताना निळा वाढवायचा आणि उन्हाकडे येताना सिएना. हे प्रमाण दर हाताच्या अंतरावर बदलत जाते, आणि ते ठरवण्यासाठी समोरच्या दगडाकडे पुन्हा पुन्हा पाहण्यावाचून दुसरा मार्ग नाही.

मोबाइलच्या फोटोत यातले काय उरते? कॅमेऱ्याने आकाशाचा उजेड सांभाळला तर घाटाची सावली एकसंध काळी होते. सावली उघडून दाखवली तर आकाश पांढरे पडते. नव्या फोनमध्ये दोन्ही सांभाळण्याची सोय असते खरी, पण ती सावली आणि ऊन यांच्यातला मूळचा फरकच पुसून टाकते. फोटोवरून काम करणाऱ्या चित्रकाराला घाटाची सावली काळी किंवा मातकट मिळते आणि तो तशीच रंगवतो. पाण्यातल्या प्रतिबिंबाचेही तसेच आहे. गडद वस्तूचे प्रतिबिंब वस्तूपेक्षा थोडे उजळ असते आणि उजळ वस्तूचे थोडे गडद, ही गोष्ट पुस्तकात वाचून पाठ होते. परंतु देवळाचा उजळ कळस आणि त्याचे कृष्णेत थरथरणारे रूप यांत नेमका किती फरक ठेवायचा, हे त्या काठावरच कळते.

दुसरी गोष्ट वेळेची. सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे दोन तासांच्या बैठकीत सावल्यांची दिशा आणि लांबी स्पष्ट बदलते. स्पॉटवर बसणाऱ्याला म्हणून सुरुवातीलाच निर्णय घ्यावा लागतो. सावल्या कुठल्या क्षणाच्या, हे पहिल्या वीस मिनिटांत पेन्सिलीने बांधून ठेवायचे आणि नंतर समोर कितीही मोहक ऊन आले तरी त्या ठरावाला धरून राहायचे. त्या सकाळी मला हे पाळता आले नाही. घंटेच्या मंडपावर साडेनऊला जी सोनेरी तिरीप आली ती मी मोहाने चित्रात घेतली. पायऱ्यांच्या सावल्या मात्र आठ वाजताच्याच होत्या. माझ्या ते ध्यानातही आले नाही. शेजारी बसलेल्या, वयाने माझ्याहून वडील असलेल्या ताईंनी पाण्याचे भांडे बदलायला उठताना एकच नजर टाकली आणि म्हणाल्या, ‘तुमच्या चित्रात दोन सूर्य उगवलेत.’ ती तिरीप मला ओल्या स्पंजने उचलावी लागली. कागद सुती आणि ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, होता म्हणून निभावले.

सोबत्यांचे मोल मी मानतो ते यासाठी. एकट्याने चित्र काढण्यातही सुख आहे, ते मी नाकारत नाही. पण एकटा चित्रकार आपल्या चुकीला लवकर सरावतो. समूहात चूक उन्हे उतरण्यापूर्वीच सापडते. शिवाय समूह माणसाला जागेवर बसवून ठेवतो. दहा जण मान खाली घालून काम करत असताना अर्ध्यावर उठून जाणे जड जाते, आणि ज्या चित्राला आपण दुसऱ्या तासात सोडून दिले असते ते तिसऱ्या तासात सुधारते, असा माझा अनेकदा आलेला अनुभव आहे. अकराच्या सुमारास आम्ही सगळी चित्रे वाड्याच्या भिंतीला ओळीने टेकवून मांडली. एकच घाट, पण कोणी पाण्याला तीन चतुर्थांश कागद दिला होता, कोणी फक्त घंटेच्या मंडपाची कमान घेतली होती, एकाने वाड्याची लाकडी खिडकी आणि तिच्यातला अंधार एवढेच रंगवले होते, आणि ताईंनी घाटावर धुणे धुणाऱ्या बाईच्या लुगड्याच्या एका लाल ठिपक्यावर सगळे चित्र तोलले होते. मी पंधरा वर्षे तो घाट पाहतो आहे, पण खिडकीतल्या त्या अंधारात हिरवा रंग असतो हे मला त्या दिवशी दुसऱ्याच्या कागदावरून कळले. तरुण मुलाकडे मांडायला काही नव्हते. तो ओळीच्या टोकाला उभा राहून पाहत होता, आणि मला वाटते की माझ्या कोणत्याही बोलण्यापेक्षा ते त्याला अधिक लागले असावे.

जागेवर बसून वास्तू रेखाटण्याची आपल्याकडची परंपरा जुनी आहे, आणि ती आपण विसरता कामा नये. १७९० च्या दशकात पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, चार्ल्स मॅलेट याच्यासाठी गंगाराम तांबट या मराठी चित्रकाराने वेरूळला जाऊन तिथल्या लेण्यांची रेखाटने केली. त्याच काळात पुण्याच्या दरबारात सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रे रंगवणारा स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स हादेखील लेणी रेखाटत हिंडत होता. पुढे १८७२ पासून १८८५ पर्यंत मुंबईच्या जे. जे. स्कूल या कलाशाळेतले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी तिथल्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. ती निसर्गचित्रे नव्हती हे खरे, पण एका ऐतिहासिक स्थळी एका गटाने एकत्र बसून, अंधुक उजेडात, वर्षानुवर्षे केलेले ते काम होते. लंडनमधल्या आगीत त्यांतल्या कित्येक प्रतिकृती जळाल्या. ज्या वाचल्या त्यांच्यावरून आज अजिंठ्याच्या भिंतीवरून झिजून गेलेले तपशील अभ्यासता येतात. चित्रकार आबालाल रहिमान यांनी कोल्हापूरच्या कोटितीर्थ तलावाच्या परिसरात राहून तिथले पाणी, झाडे आणि उजेड आयुष्यभर रंगवला, हे तर आपल्याकडच्या प्रत्येक कलाविद्यार्थ्याने ऐकलेले असते. ही माणसे जागेला वेळ देत होती.

मला उत्तर म्हणून काही मित्र फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांचे नाव घेतात. रुआँ या फ्रेंच शहरातल्या कॅथेड्रलची, म्हणजे मोठ्या चर्चची, तीसहून अधिक चित्रे त्यांनी १८९२ आणि १८९३ मध्ये सुरू केली आणि शेवटचा हात मात्र घरच्या स्टुडिओत फिरवला, मग आम्ही घरी चित्र पूर्ण केले तर बिघडले कुठे, असा या मित्रांचा प्रश्न असतो. वस्तुस्थिती बरोबर आहे. पण मोने त्या इमारतीसमोर दोन वर्षांच्या हंगामांत आठवड्यांमागून आठवडे उभे होते, उजेड बदलला की कॅनव्हास बदलत होते, आणि मगच ते चित्र घरी घेऊन गेले. तेवढे पाहून झाल्यावर कोणी घरी हात फिरवला तर माझी काही तक्रार नाही. ज्यांना गुडघेदुखीमुळे किंवा उन्हामुळे तीन तास बसवत नाही, त्यांनी वीस मिनिटांचे छोटे रंगीत टिपण करावे आणि त्यावरून घरी मोठे चित्र करावे. ते फोटोपेक्षा शंभर पटींनी बरे.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. वास्तूसमोर तास न् तास बसणाऱ्याला तिचे दुखणे सर्वांत आधी दिसते. नदीकाठच्या एका देवळाची दीपमाळ मी दहा वर्षांपूर्वी रंगवली होती. तीन वर्षांपूर्वी पुन्हा गेलो तेव्हा तिला भगवा आणि पिवळा तेलरंग फासलेला होता आणि पायथ्याच्या उखडलेल्या दगडांत सिमेंट भरलेले होते. ज्यांनी ते केले त्यांनी भक्तीने केले, याविषयी मला शंका नाही. पण त्या दगडाचे सगळे रंग एका थराखाली गेले. तिथल्या मंडळींना मी माझे जुने चित्र फोनवर दाखवले तेव्हा दोघे-तिघे बराच वेळ त्याकडे पाहत राहिले, आणि पुढच्या खेपेला दुसऱ्या दीपमाळेला रंग लावण्याआधी विचारू, असे म्हणाले. उलट, एका संरक्षित वास्तूत आमच्या गटाला इझल, म्हणजे चित्राची घोडी, लावू दिले नाहीत. फोटो काढायला मोकळीक होती, सेल्फी काढणारी गर्दी होती, पण कागद-पेन्सिल घेऊन कोपऱ्यात बसणाऱ्यांना उठवले गेले. आम्ही रंगाचे पाणी जमिनीवर सांडत नाही, मळके पाणी बाटलीत भरून परत आणतो, वाटेत बसत नाही. जो माणूस एका कमानीकडे तीन तास पाहतो तो त्या कमानीवर नाव कोरणार नाही, एवढा विश्वास व्यवस्थेने आमच्यावर ठेवावा आणि चित्रकारांच्या गटांसाठी सोपा, स्पष्ट परवाना द्यावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

पुढच्या महिन्यात आम्ही साताऱ्याजवळच्या लिंब गावी बारामोटेच्या विहिरीवर जाणार आहोत. अठराव्या शतकात बांधलेली ही अष्टकोनी विहीर इतकी खोल आहे की आतला महाल, जिना आणि पाणी यांवर ऊन फार थोडा वेळ येते आणि एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर सरकत जाते. मेणवलीहून परतताना त्या तरुण मुलाने गाडीत विचारले की तिथे ऊन साधारण किती वाजता आत उतरते. मी म्हणालो, मलाही माहीत नाही, उजाडायच्या आत जाऊन बसू. त्याने कालच निरोप पाठवला आहे की कागद ताणून फळीवर चिकटवून ठेवला आहे.