अवश्य घ्या, दिल्लीची आहे!

पंधरा-सोळा लाख हाताशी असतील तर नवी, साधी, चालणारी गाडी घेण्याचा करंटेपणा करू नका. ती कोणीही घेतो. तुम्ही ती दांडगी सेकंडहँड एसयूव्ही घ्या, जी शोरूममधून निघाली तेव्हा ऐंशी लाखांची होती आणि आता इंदूरच्या देवास नाक्याकडे पॉलिश मारून तुमची वाट बघत उभी आहे.

इतकी स्वस्त का, असं मात्र विचारायचं नाही, अपशकुन होतो. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना दिल्लीत मनाई केली, तेव्हापासून तिकडच्या लोकांचं औदार्य माळव्याकडे वाहतंय. मालक हमखास डॉक्टर असतो आणि किलोमीटर हमखास साठ हजारांच्या आत. ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, स्टिअरिंगचं चामडं सोललंय, असल्या गोष्टी बघत बसणाऱ्याने स्कूटरच चालवावी.

एनओसी, म्हणजे दिल्लीच्या आरटीओचं ना-हरकत पत्र? "आ जाएगी, भिया." येईलच. बारा महिन्यांच्या वर इथे ठेवायची तर एमपी-09 नंबर घ्यावा लागतो, टॅक्स इकडे नव्याने भरावा लागतो, हे आधी कळलं तर आरटीओच्या खिडकीवरची मजाच जाईल.

घेण्याआधी लिफ्टवर चढवून खालून बघू नका. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणारा स्कॅनर तर लावूच नका.

टायर दोनच बदला. चारही चाकं ओढणाऱ्या गाडीला चारही टायर सारख्या झिजेचे लागतात, नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर ताण येतो म्हणे. म्हणू देत.

डिझेल गाडी घर ते छप्पन दुकानची खाऊगल्ली एवढीच फिरवा. काजळी अडवणारा तो डीपीएफ हायवेवर सलग पळवल्याशिवाय तापत नाही आणि तापल्याशिवाय साफ होत नाही; पण पोहे काही हायवेवर मिळत नाहीत.

पावसात रस्ता तुंबला की बिनधास्त पाण्यात घाला. 900 मिलिमीटर पाण्यातून जाते असं कागदावर लिहिलंय ना! इंजिनने पाणी ओढलं आणि पॉलिसीत इंजिन प्रोटेक्शन नसलं, तर विमावाले अतिशय नम्रपणे नाही म्हणतात.

आता एअर सस्पेन्शन. हे असलेलीच घ्या. स्प्रिंगच्या जागी हवेचे रबरी फुगे असतात, बटण दाबलं की गाडी उठते, दाबलं की बसते. पोरंटोरं जमतात बघायला. फुगे जुने झाले की त्यांना बारीक चिरा जातात आणि गाडी बटण न दाबताच बसू लागते. आमच्या रामबागेतल्या गल्लीत एका उमद्या तरुणाने अशी एक आणली. "काका, रात्री बसते थोडी, सकाळी स्टार्ट केली की उठते." उठायची खरी. फुग्यातून जाणारी हवा भरून काढायला कंप्रेसर अखंड घरघरायचा, आणि एक दिवस जळला. याने फुगे तेच ठेवून कंप्रेसर तेवढा बदलला. साबणाचं पाणी मारलं असतं तर कुठून बुडबुडे येतात ते शेंबड्या पोरालाही दिसलं असतं! नवा कंप्रेसरही जळला. मग बॅटरी बसली. बॅटरी बसली म्हणजे गिअर 'पी'मधून, म्हणजे पार्किंगमधून, हलत नाही, हँडब्रेक विजेवरचा, तोही सुटत नाही. क्रेनवाला हुक घेऊन आला, चाकं जाम बघून "फ्लॅटबेड लगेगा" म्हणून गेला. फ्लॅटबेड गल्लीत वळत नाही. तेव्हापासून ते धूड आमच्या फाटकासमोर पोट टेकून पडलंय. मडगार्ड टायरवर आलंय. जे कुत्रं दुपारी त्याच्या खाली झोपायचं, त्यालाही आता शिरता येत नाही. माझी स्कूटर आरसा दुमडून, हँडल तिरकं करून, श्वास रोखून काढावी लागते. गॅसवाला सिलिंडर कोपऱ्यावरच ठेवून हाक मारतो. आणि हा गच्चीवरून म्हणतो, "काका, पार्ट मागवलाय."

कुठला पार्ट मागवलाय रे? पैसे आहेत का तुझ्याकडे? गाडीची किंमत उतरली म्हणून पार्टची उतरत नाही, तो ऐंशी लाखांच्या गाडीच्याच भावाने येतो, एवढं साधं गणित घेताना कोणाला विचारलं नाहीस. वर्षाला दोन-तीन लाख बाजूला टाकायची ऐपत नव्हती तर घेतलीस कशाला? सोसायटीच्या व्हॉट्सअपवर फोटो टाकायला? सगळा पगार हप्त्यात घालवलास आणि फुग्यांना पैसे नाहीत म्हणतोस, मग परवा टपावर ती लांबलचक एलईडीची पट्टी कुठून आली? जानापावच्या डोंगरावर चढवणार होतास ना? गल्लीच्या तोंडापर्यंत तरी ने. आणि तुझा हट्ट तुझ्या दारात ठेव, लोकांच्या फाटकासमोर नाही. समोरच्या जोशी आजींना रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर अँब्युलन्स काय तुझ्या टपावरून जाणार आहे?