खाजगी शाळेचं सोवळं आणि सरकारी पैसा

अमेरिकेत खाजगी शाळा चालवताय? मग पहिला नियम, सरकारला दारात उभं करायचं नाही. सिलॅबस आमचा, अ‍ॅडमिशन आमची, फी तर आमचीच, वॉशिंग्टनने त्यात नाक खुपसायचं नाही, एकदम कडक सोवळं. फक्त वॉशिंग्टनहून पैसे निघाल्याची कुणकुण लागली की तेच सोवळं खुंटीला टांगायचं आणि रांगेत पुढे घुसायचं.

२०२० चंच बघा ना. मार्चमध्ये करोनाच्या मदतीचा कायदा, केअर्स अ‍ॅक्ट आला, त्यात छोट्या धंद्यांसाठी पीपीपी नावाचं कर्ज होतं, व्याज १ टक्का आणि मुख्यतः पगारावर खर्च केलं की कर्जच माफ. सरकारी शाळांना ते मिळत नव्हतं पण तुम्ही पडलात नॉन-प्रॉफिट, तुम्हाला चालतं! फॉर्मवर एवढंच लिहून द्यायचं की सध्याच्या आर्थिक अनिश्चिततेमुळे गरज आहे. आता अनिश्चितता कोणाला नसते हो? ओबामांच्या मुली शिकल्या त्या सिडवेल फ्रेंड्स शाळेलाही होती, ५२ लाख डॉलरची. अर्थमंत्री म्नुचिन यांनी ट्वीट केलं की गडगंज शाळांनी पैसे परत करावेत, सिडवेलने ठेवून घेतले. ट्वीट म्हणजे काय नोटीस आहे का.

दुसरी वाट जरा गणिताची आहे. त्याच कायद्यात शाळांसाठी १३.२ अब्ज डॉलर होते आणि खाजगी शाळांचा वाटा ठरणार होता तिथल्या गरीब मुलांच्या संख्येवरून. आली का पंचाईत, तुमच्याकडे गरीब पोरं आणायची कुठून? पण शिक्षणमंत्री बेट्सी डेव्हॉस मदतीला धावल्या, गरीबच कशाला, सगळीच मोजा की! घरी स्विमिंग पूल असला म्हणून काय झालं, साथ तर त्यालाही आहेच ना. घात केला तो कोर्टांनी, एक नाही तीन ठिकाणी डेव्हॉसबाई हरल्या, आणि सप्टेंबरमध्ये ज्या जजबाईंनी अख्खा नियमच रद्द केला त्या ट्रम्प यांनीच नेमलेल्या. घरचाच आहेर.

तरी धीर सोडू नका. डिसेंबरमध्ये खास खाजगी शाळांसाठी २.७५ अब्ज आले, मार्च २०२१ मध्ये पुन्हा तेवढेच, पण या खेपेला अट अशी की शाळेत ४० टक्क्यांच्या आसपास मुलं गरीब घरची हवीत. (स्कॉलरशिपवाल्या मुलांचे फोटो ब्रोशरमध्ये छापायचे सोडून तुम्ही कधी त्यांची मोजणी केली होती का, खरं सांगा.) शिवाय रोख काहीच नाही, खरेदी राज्य सरकार करणार, एअर प्युरिफायर आणि लॅपटॉप तुमच्या वर्गात पण मालकी सरकारची.

तर त्या प्युरिफायरवर मालकीचा स्टिकर असेल तर समोर मोठी कुंडी ठेवा. ओपन हाउसला पालक येतील, त्यांना छातीठोक सांगायचंय की सरकारच्या पैशाला आम्ही हातसुद्धा लावत नाही. आणि या खेपेला ते खोटंही नाही.