क्रेडिट पॉइंट, फवारणीचा हंगाम आणि रात्री आठचे वेबिनार

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडील नोंदणीचे नूतनीकरण करायचे तर डॉक्टरला पाच वर्षांत 30 क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात. ही अट मला कधीच जाचक वाटली नाही. रुग्णाच्या जिवाची जबाबदारी घेणाऱ्याने वर्षातले काही तास शिकण्यासाठी राखून ठेवावेत, ही अपेक्षा रास्तच आहे. माझे म्हणणे आहे ते हे पॉइंट कशावर दिले जातात आणि कसे मोजले जातात, याबद्दल.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा भागात जनरल प्रॅक्टिस करते. नागपूर इथून सुमारे दीडशे किलोमीटर आहे. रविवारच्या सीएमईला, म्हणजे हे पॉइंट देणाऱ्या डॉक्टरांच्या शिक्षणसत्राला, जायचे तर दवाखान्याला दिवसभर कुलूप लावावे लागते, आणि पावसाळ्यात असे कुलूप म्हणजे कुणाला तरी तापाने फणफणलेले लेकरू घेऊन पुढचे गाव गाठावे लागणे. कोरोनाकाळात वेबिनार रूढ झाले आणि आमच्यासारख्यांची ही अडचण पुष्कळ कमी झाली. काही ज्येष्ठ सहकारी म्हणतात की ऑनलाइन सीएमई ही निव्वळ औपचारिकता आहे, लोक लॉगिन करून मोबाइल बाजूला ठेवतात. तसे करणारे आहेत, हे खरे. पण सभागृहात सकाळी सही करून जेवणानंतर निघून जाणारेही आपण सर्वांनी पाहिले आहेत, आणि त्यावरून कुणी सभागृहे बंद करा असे म्हटले नाही.

चांगले सत्र काय देऊ शकते, ते सांगते. सर्पदंशावरच्या एका वेबिनारमध्ये वक्त्यांनी वीस मिनिटांच्या रक्त गोठण्याच्या चाचणीलाच भरपूर वेळ दिला. शिरेतून काढलेले दोन मिलिलिटर रक्त काचेच्या नळीत घ्यायचे, वीस मिनिटे नळीला हात लावायचा नाही आणि मग ती एकदाच तिरपी करून पाहायची. रक्त पातळच राहिले असेल तर घोणस किंवा फुरशाच्या विषाने गोठण्याची क्रिया बिघडली आहे असे समजून प्रतिविष सुरू करायचे. एवढे पुस्तकातही असते. पण नळी काचेचीच का हवी, प्लास्टिकच्या नळीत रक्त तसे का गोठत नाही, आणि साबणाने धुतलेली जुनी नळी निकाल कसा फसवा देते, हे त्यांनी दोन नळ्या कॅमेऱ्यासमोर शेजारी शेजारी धरून समजावले. मण्यारचा दंश या चाचणीत सापडत नाही. खाली जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखते म्हणून येतो, अंगावर खूण दिसत नाही आणि बघता बघता पापण्या मिटू लागतात, हेही त्यांनी बजावले. आमच्या सिस्टर माझ्या शेजारी बसून सगळे ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी नव्या, कोरड्या काचेच्या नळ्यांचा डबा त्यांनी स्वतः मागवला आणि इमर्जन्सी ट्रेमध्ये ठेवला.

अशी सत्रे फार थोडी होतात, हे माझे मुख्य गाऱ्हाणे. माझ्यापर्यंत येणारी बहुतेक निमंत्रणे मधुमेह, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलच्या नव्या औषधांची असतात, आणि खाली प्रायोजक कंपनीचे नाव असते. हे आजार आमच्याकडेही आहेत, त्यामुळे ती सत्रे नकोत असे मी म्हणणार नाही. परंतु 2017 मध्ये याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले. ऑरगॅनोफॉस्फेट या गटातल्या कीटकनाशकांच्या विषबाधेत ॲट्रोपिन हा उतारा द्यायचा, हे प्रत्येक डॉक्टरला पाठ असते. मात्र पंपात दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली असतात, त्यांतली काही ऑरगॅनोफॉस्फेट नसतात, त्यांच्यावर ठरावीक उतारा नसतो, आणि नातेवाईक डब्बा घरीच ठेवून आलेले असतात. अशा वेळी पहिल्या तासात काय करायचे आणि पुढे कधी पाठवायचे, हे कुणीतरी दरवर्षी हंगामाच्या तोंडावर शिकवायला हवे. पावसाळ्यानंतरचा स्क्रब टायफस हा ताप आणि सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार यांचीही हीच गत आहे.

वेळेचाही प्रश्न आहे. रात्री आठची वेळ शहरातल्या ओपीडीच्या सोयीची असेल. आमच्याकडे ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये दिवसभर फवारणी केलेला माणूस चक्कर आणि उलट्या घेऊन नेमका त्याच सुमारास येतो. त्याला सलाईन लावत असताना पडद्यावर ‘आपण उपस्थित आहात का’ असा प्रश्न झळकून जातो आणि हजेरी तुटते. कधी वीजच जाते. नेटवर्क परत येईपर्यंत मिनिटे वजा झालेली असतात आणि पॉइंट हुकतो.

म्हणून हजेरीची मिनिटे मोजण्याऐवजी सत्राचे रेकॉर्डिंग सवडीने पाहू द्यावे आणि शेवटी प्रत्यक्ष रुग्णाच्या माहितीवर आधारलेले पाच-सात प्रश्न सोडवल्यावर पॉइंट द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याहून पुढे जायचे असेल तर डॉ. संजीव अरोरा यांनी 2003 मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत सुरू केलेल्या ‘इको’ प्रकल्पाची रीत समोर आहे. त्यात गावातला डॉक्टर आपला रुग्ण व्हिडिओवरून मांडतो, विद्यापीठातले तज्ज्ञ आणि इतर गावांतले डॉक्टर त्यावर चर्चा करतात, आणि त्यातूनच सगळे शिकतात. अशा मार्गदर्शनाखाली गावच्या डॉक्टरांनी केलेले हेपटायटिस सीचे उपचार विद्यापीठाच्या रुग्णालयाइतकेच परिणामकारक ठरल्याचे 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. सेवाग्राम, नागपूर आणि यवतमाळ इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांत आमच्या भागातले आजार रोज पाहणारी माणसे बसलेली आहेत. त्यांनी दुपारी दोन ते तीन या वेळेत, महिन्यातून एकदा, हे करावे. आणि बीएएमएस डॉक्टर व परिचारिकांनाही त्यात बसू द्यावे, कारण सर्पदंशाचा रुग्ण पुष्कळदा आधी त्यांच्याच समोर येतो.

फवारणीच्या विषबाधेच्या माझ्याकडच्या नोंदी, रुग्णांची नावे वगळून, अशा पहिल्या सत्रासाठी द्यायला मी तयार आहे. केळापूर, वणी, मारेगाव, झरी-जामणी आणि घाटंजी तालुक्यांतल्या ज्या सहकाऱ्यांकडे अशा नोंदी असतील त्यांनी मला मेसेज करावा, म्हणजे मृगाआधी आपल्याला एकत्रित पत्र देता येईल.