बोय साफ करताना केस बांधा

बोय हा मासा साफ करायला घेताना सुरी नंतर शोधावी, आधी केस बांधावेत. ही सूचना मलेटवाल्यांसाठी. म्हणजे पुढे आणि कानांवर आखूड, मानेवर मात्र लांब केस सोडणाऱ्यांसाठी. बोयीला इंग्रजीत मलेटच म्हणतात, म्हणजे मासाही मलेट, केसही मलेट. दोघांची गाठ सिंकपाशी पडली की हाल फक्त माणसाचे होतात.

बोयीची खवलं मोठी, थेट डोक्याच्या माथ्यापर्यंत चढलेली. शेपटीकडून डोक्याकडे खरवडली की उडतात, आणि माझा ठाम संशय आहे की ती नेम धरून उडतात. भिंतीवरची, नळावरची निदान दिसतात. मानेवरच्या केसांत शिरलेलं खवल दुसऱ्या दिवशी रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसाला सापडतं, आणि सांगावं की नाही या पेचात तो बिचारा पडतो.

उपाय अगदी सोपा, म्हणूनच बहुधा कोणी करत नाही: मासा टबातल्या पाण्यात बुडवून खवलं काढायची. सुरीच्या धारेनं कातडी फाटते, म्हणून तिची पाठ वापरायची. त्याआधी कात्रीनं पर कापायचे. पाठीवरच्या दोनांपैकी पुढच्या पराला चार टोकदार काटे असतात. आणि हे सगळं पोट फाडण्याआधी. पोट रिकामं झालं की मासा हाताखाली दबतो, खवलं हटून बसतात.

खरा प्रताप पोटात. बोय चिखलावरचं शेवाळ आणि कुजका गाळ खाते. तो दळायला तिच्या जठराचा एक भाग जाड स्नायूंचा असतो, सोबत गिळलेली वाळू जात्याचं काम करते, आणि आतडं अंगाच्या कित्येक पट लांब, वेटोळं करून कोंबलेलं. सुरी जरा खोल गेली की हा सगळा ऐवज मांसावर. म्हणून टोक वरच्या बाजूला ठेवून, शेपटीकडून डोक्याकडे उथळ चीर द्यायची. गाभोळी असलीच तर तीही अशानेच वाचते.

आत काळा पडदा दिसेल. तो पाहून मासा सडला म्हणून फेकू नका, तो मुळातच काळा असतो. पण ठेवलात तर कडवटपणा येतो. जाड मीठ लावून चोळून काढा. कण्याखालची रक्ताची रेघ चमच्याच्या टोकानं.

चिखलाचा वास येतो तो बहुतेकदा जिओस्मिन नावाच्या मातकट वासाच्या रसायनाचा. पावसाच्या पहिल्या सरीनंतर मातीला येतो तोच. मातीतून आला की लोक कविता करतात, माशातून आला की नाक मुरडतात. आम्लानं तो मोडतो. तुकडे लिंबाच्या पाण्यात १५ ते २० मिनिटं ठेवले की पुरे.

एवढं करूनही खवलांचा वैताग आला, तर मलेटच उतरवावा. पण इथे घाई चालत नाही. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात. वरचे ५ आणि मागचे १५ सेंटिमीटर असतील, तर नुसती वाट पाहून वरच्यांना तिथवर पोचायला आठ महिने लागतील, आणि तोवर मागचेही तेवढेच वाढलेले असतील. त्यापेक्षा दर दीड महिन्यानं फक्त मागचे छाटावेत. न्हाव्याला मोघम ‘थोडे कमी करा’ म्हणू नका. ‘मागचे काढा, बाजूच्यांना हात लावू नका’ असं स्पष्ट सांगा, कारण त्याचं मशीन सवयीनं आधी कानांवरच फिरतं, आणि मलेट होता त्याहून ठसठशीत होऊन बाहेर पडतो.