‘ब्रेक म्हणजे तोडणे’ एवढंच सांगितलं तर काय बिघडतं?

ताई, तासगावहून इतकं सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लहान मुलांना इंग्रजी शिकवताना ‘शब्दाचा मराठी अर्थ लगेच सांगू नका’ हा माझा आधीच्या लेखातला सल्ला चार पोरांच्या शिकवणीपुरता ठीक; जिल्हा परिषदेच्या वर्गात तीस मुलं असतात, घरी आईला सवड नसते, आणि तुमची पिढी शब्दार्थ पाठ करूनच इंग्रजी शिकली.

यातलं निम्मं मला मान्य आहे. ग्रेप्स म्हणजे द्राक्षं, हे तासगावच्या पोराला चित्र काढून दाखवत बसू नये, सरळ सांगावं. बट म्हणजे पण, बिकॉज म्हणजे कारण, हेही सरळच सांगावं. हातवारे करून ‘कारण’ दाखवता येत नाही. मूळ लेखात हे लिहायचं राहिलं, ती चूक माझी.

घोळ होतो तो क्रियापदांत. काडी मोडते, दोरा तुटतो, कप फुटतो. मराठीत तीन शब्द, इंग्रजीत तिन्हीकडे ब्रेक. ‘ब्रेक म्हणजे तोडणे’ पाठ केलेलं मूल फुटलेल्या कपापाशी अडतं. उलट ऊस तोडला, फूल तोडलं, की तिथे बिनदिक्कत ब्रेक लावतं. ऊस तोडणं म्हणजे कट आणि फूल तोडणं म्हणजे पिक. एकच अर्थ दिला आणि चूक दोन्ही बाजूंनी झाली.

तीस मुलांच्या वर्गात यावर पाचेक मिनिटं पुरतात. सामान: वाळकी काडी, खडू, शिवणाचा दोरा, रद्दीचा कागद. काडी मोडताना म्हणायचं, ‘आय ब्रेक द स्टिक.’ इथे थांबलात तर काही मुलं काडीलाच ब्रेक समजतील, कारण त्यांना हातातली वस्तू आधी दिसते, क्रिया नंतर. म्हणून लगेच खडू मोडायचा, मग दोरा तोडायचा. वस्तू बदलली, शब्द तोच राहिला, की मुलाचं लक्ष आपोआप क्रियेकडे जातं. शेवटी कागद फाडायचा आणि विचारायचं, ‘ब्रेक?’ मुलं गोंधळतील. ‘नो. टेअर.’ शब्द कुठे चालत नाही हे कळल्याशिवाय त्याची हद्द कळत नाही. ही पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची आहे. एवढं झाल्यावर मराठीत खुशाल सांगा: ‘मोडणं, तुटणं, फुटणं, सगळ्याला ब्रेक.’ माझा विरोध मराठीला कधीच नव्हता, एका शब्दावर भागवण्याला होता.

नंतर ‘कळलं का?’ विचारू नका. तीसही मुलं ‘हो’ म्हणतात. ‘ब्रेक द चॉक’, ‘टेअर द पेपर’ असं उलटसुलट सांगा आणि हात बघा. शेजारच्याचं बघून करणारं मूल अर्धा क्षण मागे असतं, ते लगेच ओळखू येतं. असे शब्द दिवसाला तीनच घ्या. दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा विचारा.

पाठांतराबद्दल. २००० सालापर्यंत मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून होतं. दहा वर्षांच्या मुलाला मराठी वाचता येतं, वहीतली यादी त्याला पुन्हा उघडून बघता येते. आता ते पहिलीपासून आहे, आणि पहिलीतलं मूल अजून मराठी अक्षरंच जुळवत असतं. त्याच्यासाठी यादी म्हणजे नुसते आवाज.

आणि घरी वेगळा वेळ काढायची गरज नाही. स्वयंपाक करताना लाल आणि हिरवी मिरची शेजारी ठेवा: रेड, ग्रीन. नुसतं लाल सफरचंद दाखवलं तर रेड हा रंग की फळ, हे मुलाला ठरवता येत नाही. दोन्ही मिरच्याच असल्या की फरक रंगाचाच उरतो. हॉट शिकवतानाही तीच मिरची कामाला येते. चहा गरम म्हणून हॉट आणि मिरची तिखट म्हणून हॉट, हे दोन्ही एकाच दिवशी मात्र सांगू नका. आधी चहा. तो पक्का झाल्यावर, चारेक दिवसांनी, मिरची.