पानभर चिन्हं की दोन अक्षरं?

तलावपाळीच्या कट्ट्यावर परवा वाद पेटला तो मॅकच्या लाँचपॅडवरून. २०११ साली मॅकओएसच्या लायन आवृत्तीत आलेली ही पडदाभर अॅपं मांडणारी सोय २०२५च्या टाहो आवृत्तीत गेली, तिच्या जागी स्पॉटलाइट या मॅकच्या शोधसोयीतलं 'अॅप्स' आलं.

"गेलं ते बरं झालं," विंडोजवाला म्हणाला. "कमांड-स्पेसनं स्पॉटलाइट उघडायचं, दोन अक्षरं, एंटर. त्यासाठी २७ इंची मॉनिटर झाकायचा कशाला? विंडोज ८नं २०१२मध्ये तेच केलं, लोक वैतागले, ८.१मध्ये स्टार्ट बटण परत आणावं लागलं."

"अरे," मॅकवाली म्हणाली, "टचसाठी बांधलेलं माऊसवाल्यांच्या गळ्यात मारलं म्हणून! विंडोज १०मध्ये पडदाभर स्टार्ट सेटिंगमध्ये होता, हवा त्यानं चालू करावा. ११मध्ये तोही गेला."

"आणि नावच आठवत नसेल तर?" ती पुढे म्हणाली. "पीडीएफ जोडायचं अॅप महिन्यातून एकदा लागतं. नाव विसरतं, पण दुसऱ्या पानावर खाली डावीकडे आहे हे हाताला माहीत असतं. नव्या अॅप्समध्ये स्वतःचे फोल्डर नाहीत, वर्गवारी तेच ठरवतं."

तिचा पुढचा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटतो. मराठीत टाइप करताना कीबोर्ड देवनागरीवर असतो. तसंच कमांड-स्पेस दाबून नाव टाइप केलं की देवनागरी अक्षरं उमटतात, आणि अॅपचं नाव रोमन असल्यामुळे बहुतेकदा हाती काही लागत नाही. आधी कंट्रोल-स्पेसनं भाषा बदला, मग शोधा. विंडोजमध्ये विंडोज-स्पेस, लिनक्सच्या नोम डेस्कटॉपवर सुपर-स्पेस (सुपर म्हणजे विंडोजचीच कळ). चिन्हाला कीबोर्डची भाषा लागत नाही.

लिनक्सवाला शांत होता, त्याच्याकडे दोन्ही सोयी होत्या. नोममध्ये सुपर दोनदा दाबलं की सगळ्या चिन्हांची जाळी, एकदा दाबून टाइप केलं की शोध. केडीई या दुसऱ्या लिनक्स डेस्कटॉपवर मेनूच्या चिन्हावर राइट क्लिक, 'शो ऑल्टरनेटिव्ह्ज', 'अॅप्लिकेशन डॅशबोर्ड'.

"मग टाहोवाल्यांनी काय करायचं?" मॅकवालीनं विचारलं.

"एक फोल्डर कर," लिनक्सवाला म्हणाला. " अॅप्लिकेशन्समधून ऑप्शन आणि कमांड दाबून धरून अॅपं त्यात ओढ, म्हणजे एलियस, मूळ अॅपकडे नेणारे शॉर्टकट, बनतात. नुसतं ओढलंस तर मूळ अॅपच हलू शकतं. फोल्डर डॉकमध्ये, म्हणजे खालच्या चिन्हांच्या पट्टीत, रेघेच्या उजवीकडे टाक, राइट क्लिक करून 'ग्रिड' निवड."

"क्रम?"

"हातानं लागत नाही. नावानुसार लाव आणि एलियसच्या नावापुढे ०१, ०२ टाक. नाव मराठीत दिलंस तरी चालतं."